न मारलेला दगड

लंकाबाईची किंकाळी उठली तेव्हा छबूच्या डोक्यावर मातीने भरलेली पाटी होती आणि दोन्ही हात त्या पाटीला होते. ही गोष्ट पुढे तिने ज्याला त्याला सांगितली. दोन्ही हात गुंतलेल्या बाईने दगड मारायचा तो कशाने, दातांनी? पण तिचं ऐकून घ्यायला कुणी मोकळं नव्हतं.

बहात्तरचा दुष्काळ त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात शिरला होता. नगरच्या पूर्वेला, पाथर्डीच्या वाटेवर बोरवाडी नावाचं गाव, आणि त्या गावच्या माळाखाली पाझर तलावाचं काम निघालं होतं. पुरुष तळातली माती आणि मुरूम खणायचे, बायका पाट्या भरून बांधावर नेऊन टाकायच्या. बांध जसा वाढत गेला तशी चढण उभी होत गेली. टाच टेकायला जागाच राहिली नाही. चवड्यांवर जोर देत, मान ताठ धरून, एकीच्या मागे एक अशी बायकांची ओळ दिवसभर वर जायची आणि खाली यायची. ओळीच्या पुढे नेहमी लंकाबाई. अंगाने थोराड, आवाजाने त्याहून थोराड. तिच्या चालीने सगळी टोळी चालायची, तिने दम खाल्ला की टोळी दम खायची.

त्या दिवशी दुपार कलली होती. रांजणातलं पाणी केव्हाच तळाला गेलं होतं. लंकाबाईने बांधाच्या शेवटच्या उभ्या टप्प्यावर पाऊल रेटलं आणि वाळली काडी मोडावी तसा आवाज झाला. पाटी एकीकडे गेली, ती एकीकडे. डावी पोटरी दोन्ही हातांनी धरून ती मागे वळली आणि केकाटली,

“कुनी मारला? कुनी मारला गं दगड?”

मागे छबू होती. तिच्या मागच्या बाया अजून खालच्या वळणावर होत्या.

“आक्का, काय झालं?” छबूने विचारलं. लंकाबाई तिची चुलत जाऊ, वयाने मोठी, म्हणून भांडण असो नसो, तोंडात आक्काच यायचं.

“आन मलाच इचारतीस? मारलास न्हवं? काल म्हनलीस, आज केलंस!”

आदल्या दिवशी संध्याकाळी टँकर आला होता. टँकरचं पाणी विहिरीत ओतायचे आणि मग सगळ्या गावाच्या बायका पोहऱ्यांनी ते उपसायच्या. तिथे लंकाबाईने छबूची कळशी पायाने सारून आपला हंडा पुढे लावला होता, आणि छबू सगळ्यांच्या देखत बोलली होती, “तंगडी मोडंल एक दिवस, मंग कळंल!” दुष्काळात विहिरीवर बोललेलं कोण मनावर घेतं? त्या विहिरीवर रोज कुणाची ना कुणाची तंगडी मोडत होती, कुणाचे डोळे फुटत होते. पण तंगडी खरोखरच मोडली म्हटल्यावर सगळ्यांना तेवढंच वाक्य आठवलं.

मच्छिंद्र मुकादम छत्री सांभाळत वर चढून आला. त्याने लंकाबाईकडे पाहिलं, छबूकडे पाहिलं आणि वाकून एक दगड उचलला.

“ह्यो बघा. ह्योच असनार.”

“मुकादम,” छबू म्हणाली, “समदा बांधच दगडाचा हाय. असं कोनकोनते उचलनार?”

खालून कुणीतरी फिसकन हसलं. त्या हसण्याने घात केला. मुकादमाला बायकांच्या भांडणाचं काही पडलेलं नव्हतं, तो दोघींनाही चार शब्द सुनावून खाली उतरला असता. पण माणसं आपल्याला हसली म्हटल्यावर त्याचा चेहरा तांबडालाल झाला.

“पाटी ठिव खाली,” तो ओरडला. “ठिव म्हनतो ना! उद्यापास्नं ह्या कामावर पाय टाकायचा न्हाई. मारकुटी बाई मला टोळीत नगं.”

छबूने पाटी ठेवली नाही. तिथेच, त्याच्या पायाशी ओतली, आणि रिकामी पाटी घेऊन बांध उतरली. ज्या बायका तिच्याबरोबर रोज एका फडक्यातली भाकर खायच्या, त्या वाट सोडून बाजूला झाल्या.

कामावरून काढलं म्हणजे काय, हे त्या वर्षी कुणाला समजावून सांगावं लागत नसे. काम म्हणजे परदेशातून आलेल्या लाल मिलो ज्वारीची भाकरी, काम म्हणजे पोरांच्या हातावर पडणारी सरकारी पौष्टिक भुकटी, सुकडी. छबूचा नवरा सहादेव त्याच तलावाच्या तळात टिकाव चालवत होता, पण एकट्याच्या टिकावावर घरातली सगळी तोंडं भागणारी नव्हती.

संध्याकाळी सहादेव घरी आला तो खाली मान घालून.

“तुमी काय बोललात का मुकादमाला?” छबूने विचारलं.

“काय बोलनार? त्यो मलाबी काढंल.”

“म्हंजे मी दगड मारला?”

“मी कुटं म्हनलो?”

“न्हाई बी कुटं म्हनलात?”

सहादेवने तांब्या तोंडाला लावला. त्याची ही जुनी युक्ती. तोंडाला तांब्या असला की बोलावं लागत नाही. छबूने तवा असा आपटला की निजलेलं पोर दचकून उठलं.

तिचा राग एकट्या दगडाचा नव्हता. राग त्याच्या फार खालून येत होता, तिच्या स्वतःच्या तळपायातून.

छबू पायाळू होती. आईच्या पोटातून ती आधी पायांनी बाहेर आली, डोकं मागून. अशा माणसाच्या पायात गुण असतो असं तेव्हा सगळेच मानायचे. कुणाच्या कमरेत उसण भरली, पाठीत चमक निघाली, मान अवघडली, की पायाळूला बोलावणं. दुखणेकऱ्याने पालथं पडायचं आणि पायाळूने डावं पाऊल दुखऱ्या जागेवर हलकेच लावायचं. त्याबद्दल काही घ्यायचं नाही, आणि मुख्य म्हणजे नाही म्हणायचं नाही. नाही म्हटलं तर पाप. राहुरीकडच्या तिच्या माहेरी, धड बोलता येत नव्हतं तेव्हापासून तिला काखेला मारून लोकांच्या पाठींवर उभं करत. जेवणातून उठवत, झोपेतून उठवत. पावसाळ्यात ढग गडगडले की मात्र तीच माणसं तिला अंगणातून हाकलून देत, कारण पायाळूवर वीज पडते म्हणे. पाय हवा, पण पायाची धनीण जवळ नको, असा सगळा प्रकार.

लग्न होऊन ती बोरवाडीला आली तेव्हा सासरच्यांनी आधी तिचं नाव विचारलं नव्हतं, पायाळू आहे का ते विचारलं होतं. हाच मच्छिंद्र मुकादम, उसण भरली की गुरासारखा हंबरत पालथा पडायचा आणि “छबूताई, पाय दे गं माये” म्हणून विनवायचा. त्या कमरेवर तिने किती वेळा पाऊल ठेवलं होतं! तेव्हा ती ताई होती आणि माय होती. आज मारकुटी बाई झाली.

तिकडे लंकाबाईच्या घरी पायावर इलाज सुरू झाले. पहिल्या दिवशी गोडेतेल कोमट करून पोटरी रगडली. एका दणकट गड्याने अंगठ्यांनी अशी मळली की लंकाबाईने ओरडून घर डोक्यावर घेतलं. दुसऱ्या दिवशी बिब्ब्याचे चटके दिले. पाय आखडेल म्हणून दोन्ही बाजूंनी धरून अंगणात चालवलं. पोटरी फुगून टरटरीत झाली. आणि मग एका सकाळी सगळं घर हादरलं. दुखत होतं वर, पोटरीच्या आतल्या अंगाला, आणि घोट्याभोवती, टाचेपर्यंत, जांभळाच्या रसात बुडवल्यासारखं काळंनिळं झालं होतं.

वर लागलं आणि खाली काळं पडलं, हे कुणी पाहिलं होतं? दगडाचा मार असा उतरतो का? मग बायका आधी कुजबुजल्या आणि मग मोठ्याने बोलल्या. हे दगडाचं नाही, करणीचं आहे. पायाळूने तोंडातून काढलं ते खरं झालं. आता तिनेच पाय लावला तर उतरेल.

त्याच संध्याकाळी, दिवस मावळायच्या आत, लंकाबाईची सासू गोजरबाई छबूच्या दारात आली. सोबत मुकादमही. गोजरबाई म्हणजे भावकीतली सगळ्यांत म्हातारी बाई. तिच्यापुढे कुणी डोक्यावरचा पदर ढळू देत नसे.

“छबे, ऊठ. लंकीला पाय लाव.”

छबू चुलीपुढून उठली नाही. “आत्याबाई, दगड मी मारला का न्हाई?”

“ते मागनं बघू. आदी पाय लाव.”

“मागनं न्हाई. आदीच. दगड मी मारला म्हनता, करनी मी केली म्हनता, आन पायबी माझाच पायजे? तुमाला दुसरा कुनाचा पाय घावत न्हाई? ह्या मुकादमाचा घिऊन जा की, दोन हायेत त्याला.”

“तोंड बघा हिचं,” मुकादम म्हणाला.

“तोंड तरी हाय. तुमच्यावानी पाठ दाखवून तर पडत न्हाई ना मी पालथी?”

“अगं, पायाळूनं न्हाई म्हनू न्हाई,” गोजरबाई म्हणाली. तिच्या आवाजात दटावणी कमी आणि भीती जास्त होती. “पाप लागतं. लेकराबाळांची हाईस तू.”

“लेकराबाळांची हाय म्हनूनच इचारते. माझ्या लेकरांची सुकडी बंद केली तवा कुनाला पाप लागलं न्हाई?”

मुकादमाने सहादेवकडे तोंड वळवलं. “सहादेव, आता तूच सांग तिला. न्हाईतर उद्या तूबी टिकाव घिऊन येऊ नको.”

सहादेव उंबऱ्यापाशी उभा होता. हातात तांब्या नव्हता, त्यामुळे त्याला बोलावं लागलं. “छबे... जाऊन ये. येवढ्या एका डाव जाऊन ये. तुझ्या पाया पडतो.”

“पाया पडतो” म्हणाला, आणि तिची नजर तिच्याच पायांकडे गेली. भेगाळलेल्या टाचा, मुरमाने सोललेले चवडे. नवऱ्यालासुद्धा शेवटी पायच दिसला. ती ताडकन उठली आणि कुणाकडे न बघता चालू लागली. मागून मुकादम, त्याच्या मागून गोजरबाई काठी टेकत.

लंकाबाई ओसरीवर पालथी पडली होती. छबूला पाहिल्यावर तिने तोंड भिंतीकडे केलं. ओसरीखाली निम्मी आळी जमली होती. छबू तिच्या पायांपाशी उभी राहिली आणि तिने डावं पाऊल उचललं.

त्या क्षणी तिच्या मनात काय होतं ते तिचं तिलाच माहीत. सगळा भार टाकला असता तर? कोण म्हणणार होतं की मुद्दाम केलं? लंकाबाईला ते कळलं असावं. तिचं सगळं अंग आखडलं. भिंतीकडे तोंड ठेवूनच ती बारीक आवाजात म्हणाली, “हळू गं. मरान दुखतंय.”

एवढं थोराड शरीर आणि त्यातून आलेला एवढा लहान आवाज. छबूचं पाऊल हवेत तसंच राहिलं. मग तिने ते खाली घेतलं, ओसरीच्या जमिनीवर, आणि वाकून पोटरी नीट पाहिली. बिब्ब्याचे फोड होते. सूज होती. घोट्याशी काळं होतं. पण दगडाचा वण नव्हता. कातडी कुठे फुटली नव्हती, खरचटलेलंसुद्धा नव्हतं.

“दगड कुटं लागला, आक्का? बोट ठिवून दाव.”

लंकाबाईने हात मागे आणून पोटरीची आतली बाजू दाखवली.

“हितं तर काईच न्हाई. बघा की समदे! या हिकडं, बघा! मुरमाचा दगड लागला तर सालपाट तरी निघंल का न्हाई? हितं काय हाय?”

“म्हनूनच म्हनतो, करनी हाय,” मुकादम म्हणाला.

“मंग तुमी त्यो दगड कशाचा उचलला हुता? करनीचा?” छबू त्याच्या अंगावर गेली तशी तो एक पायरी खाली उतरला. “तवा दगड म्हनून काडलंत, आता करनी म्हनून पाय मागताय. एक कायतरी ठरवा! मी पाय लावनार न्हाई. पाप लागू दे, न्हाईतर ईज पडू दे. परवा बिस्तरवारी डॉक्टरीन येनार हाय कामावर. तिच्या म्होरं हिला न्या. ती म्हनली दगड, तर मी गाव सोडून जाते. पन न्हाई म्हनली तर मुकादम, तुमी ध्यानात ठिवा.”

आणि ती निघून आली. मागे गोजरबाई किती तरी वेळ बोलत होती. पायाळूने उचललेलं पाऊल मागे घेतलं, असं त्या गावात कधी घडलं नव्हतं.

ते दोन दिवस छबूने कसे काढले, विचारू नये. सहादेव कामावर जात राहिला. मुकादमाने त्याला काढलं नव्हतं, पण रोज सकाळी तो त्याच्याकडे असा पाही की काढल्यासारखंच वाटे. छबू मुलांना घेऊन माळावर वाळलेलं जळण गोळा करत हिंडली. लांबून बांध दिसायचा, त्यावरची ओळ दिसायची. पुढे लंकाबाई नाही, त्यामुळे चाल मोडली होती, ओळ तुटक तुटक चढत होती.

गुरुवारी जीप आली. डॉक्टर जहिरा नगरच्या होत्या. कामावरच्या माणसांना तपासायला त्या दर आठवड्याला यायच्या आणि लिंबाच्या झाडाखाली बसायच्या. सडपातळ, चष्मा लावलेली, कायम चिडलेली बाई. हागवण, ताप, उन्हाचे झटके, फुटलेली बोटं, हे सगळं आवरताना चिडणार नाही तर काय? लंकाबाईला बाजेवर घालून आणलं होतं. टोळी कामं टाकून भोवती जमली. छबू बाजूला, झाडाच्या बुंध्याला टेकून उभी होती.

डॉक्टरीणबाईंनी लंकाबाईला पालथं निजवलं. दोन्ही पोटऱ्या शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या. बोटाने चाचपत गेल्या आणि आतल्या अंगाला एका जागी थांबल्या. तिथे बोट जरासं आत गेलं, खळगा असावा तसं. मग त्यांनी पोटरी चिमटीत धरून अलगद दाबली. लंकाबाईचं पाऊल किंचित हललं.

“टाचेवरची जाड शीर शाबूत आहे. नशीब,” त्या म्हणाल्या. आणि कुणी काही सांगायच्या आत त्यांनीच विचारलं, “चढताना झालं ना? मागून कुणीतरी दगड मारल्यासारखं वाटलं?”

लंकाबाईने मान वर केली. “व्हय. मारलाच.”

“आणि कट् असा आवाज आला.”

“व्हय बाई.”

“कुणी मारला नाही. मांस तुटलं आतलं.”

बाया वाकून पोटरीकडे बघू लागल्या.

“दर उन्हाळ्यात ह्या कामांवरून अशा बाया येतात माझ्याकडे,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “आणि एकूण एकीला कुणीतरी दगड मारलेला असतो. कुणाच्या सवतीने, कुणाच्या शेजारणीने. अशीच तक्रार घेऊन पोलीस चौकीत बसलेले पुरुषसुद्धा पाहिलेत मी. तुमच्यात कुणी मारला?”

गोजरबाईने हनुवटीने छबूकडे खूण केली. डॉक्टरीणबाईंनी चष्म्यावरून छबूकडे पाहिलं आणि त्यांचा आवाज चढला.

“इकडे बघा सगळ्यांनी. ही पोटरी. ह्यात मांसाचे धागे असतात, दोरीत पेड असतात तसे. चवड्यावर चढायचं म्हटलं की हे धागे आखडतात आणि टाच वर ओढतात. मांसाला फक्त ओढता येतं, ढकलता येत नाही. मोटेच्या नाड्याने मोट ढकलता येते का? म्हणून पाऊल परत वर घ्यायला इकडे पुढे, नडगीपाशी, दुसरं मांस असतं. एकाने ओढलं की दुसऱ्याने सैल सोडायचं. तुम्ही दिवसभर डोक्यावर ओझं घेऊन चवड्यावर चढता. पोटात पाणी नाही. पोटरी आखडून दगड झालेली. अशात पाय घसरून टाच खाली गेली की आखडलेलं मांस ताणलं जातं, आणि पेड तुटतात. तुटताना मागून फटका बसल्यासारखं वाटतं. वाटणारच. म्हणून कुणी मारलेला असतो असं नाही.”

“आन त्ये काळं?” मुकादमाने विचारलं. “घाव वर, काळं खाली. त्ये कसं?”

“रक्त आतल्या आत सांडतं आणि उताराने खाली येतं. पाणी कुठून कुठे जातं ते बांध घालणाऱ्या माणसाला मी सांगू?” मग त्यांचं लक्ष फोडांकडे गेलं. “हे कुणी केलं? बिब्बा घातलाय! आणि चोळलंसुद्धा असेल. चालवलंही असेल. तुटलेलं चोळून जोडलं जातं का? फाटलेलं धोतर धोपाटण्याने बडवता का तुम्ही? पहिल्या दिवशी गार पाण्याच्या घड्या घालायच्या, पट्टी बांधायची, पाय उशीवर उंच ठेवायचा आणि गप पडून राहायचं. एवढं होतं.”

“बाई,” गोजरबाई म्हणाली, “प्यायला पानी न्हाई. पायावर कुठलं घालू?”

डॉक्टरीणबाईंनी पट्टी काढली आणि बोटांपासून गुडघ्याखालपर्यंत स्वतः बांधली. चपलेत टाचेखाली चिंध्यांची घडी घालायला सांगितली, म्हणजे पोटरीवर ताण येणार नाही. दुखणं ओसरलं की पाऊल हळूहळू वरखाली करायचं, आणि पावसाळा लागेपर्यंत पाटीला हात लावायचा नाही.

सगळं झाल्यावर मुकादम पुढे आला. चेहरा हसरा केला होता. “चला, झालं ते झालं. छबू, उचल पाटी. आन बाई, माझी ती उसन... ही छबू पायाळू हाय, हिचा पाय लागला का सुटती. त्ये तरी खरं ना?”

“कमरेचं मांस आखडतं त्याला उसण म्हणता तुम्ही,” डॉक्टरीणबाई सामान आवरत म्हणाल्या. “ती चार-आठ दिवसांत आपली आपण सुटते. पाय लावा, नाहीतर नका लावू.”

छबू बुंध्यापासून पुढे आली. “मंग येवढी वर्सं मी काय केलं?”

“काही नाही केलंस. बरं होणारं होतं ते बरं झालं.”

हे तिला लागलं. दगड मारला नाही हे सिद्ध झाल्याचा आनंद व्हायला हवा होता, तो झालाच नाही. झोपेतून उठवलेली ती पोर, जेवणावरून उठलेली, नवऱ्याच्या घरी नावाआधी पाय विचारलेली, सगळी फुकट? पायात गुण नव्हता, काही नव्हतं, आणि तरी त्या पायाला कधी कुणी स्वस्थ बसू दिलं नव्हतं! तिला डॉक्टरीणबाईंचा राग आला, मेलेल्या आईचा आला, गोजरबाईचा आला. आणि समोर हसरं तोंड करून उभा असलेल्या मुकादमावर तो सगळा एकदम गोळा झाला.

“पाटी उचलते,” ती म्हणाली. “पन ज्या तोंडानं समद्यांम्होरं काडलं, त्याच तोंडानं समद्यांम्होरं बोला.”

“बोललो की, झालं ते झालं.”

“त्ये न्हाई. दगड मारला न्हाई म्हना.”

मुकादम पुटपुटला, “न्हाई मारला.”

“तळात खनत्यात त्यास्नी ऐकू आलं न्हाई. काडलं तवा ऐकू आलं हुतं.”

पुन्हा कुणीतरी फिसकन हसलं. ह्या खेपेला मुकादमाने तिकडे बघितलं नाही. छत्रीची मूठ धरून, बांधाकडे तोंड करून तो ओरडला, “छबूनं दगड मारला न्हाई!” तळातला एक टिकाव थांबला. तो सहादेवचा होता.

लंकाबाई बाजेवरून सगळं बघत होती. छबू जवळून जाताना ती म्हणाली, “डॉक्टरीन शिकल्याली हाय, खोटं कशाला बोलंल. पन मला दगड लागला, छबे. खरंच लागला.”

“लागला आसंल, आक्का,” छबू म्हणाली. “पन मी मारला न्हाई.” आणि पाटी घ्यायला गेली. तिने लंकाबाईला माफ केलं नव्हतं. टँकर आला की कळशी आता ती लंकाबाईच्या घरच्यांच्या आधी लावायची, आणि लंकाबाईच्या सुना गुमान मागे सरायच्या.

लंकाबाई पुढे लिंबाखाली बसून बायकांची तान्ही पोरं सांभाळू लागली. ओळीच्या पुढे कोण हे कुणी ठरवलं नाही, पण छबू पुढे झाली. ती जरा सावकाश चढायची. फावड्याने पायऱ्या करून घेतल्या होत्या तिने, टाच टेकेल एवढ्या.

एका सकाळी पाण्याचं पिंप सरकवता सरकवता मुकादम “आई गं!” म्हणून ओरडला आणि बांधाच्या पायथ्याशी, ऐन वाटेवर, पालथा पडला. छत्री लोळत गेली. बायकांची ओळ थांबली. सगळ्यांच्या नजरा छबूकडे वळल्या, डॉक्टरीणबाईंचं बोलणं ऐकलेल्यांच्यासुद्धा.

“छबूताई,” तो मातीत तोंड खुपसून कण्हला, “पाय दे गं. येवढा एक डाव. माये...”

छबूच्या डाव्या तळपायात जुनी ओळखीची हुळहूळ उठली. आयुष्यभराची सवय, ती अशी जाते होय? तिने पाटीवरची पकड घट्ट केली.

“चार-आठ दिसांत आपसूक सुटंल, मुकादम,” ती म्हणाली. “ध्यानात ठिवा म्हनलं हुतं.”

तिने त्याला वळसा घातला आणि पहिल्या पायरीवर टाच टेकवली. मागची बाई घुटमळली, मग तीही वळसा घालून आली, मग तिच्या मागची. लिंबाखालून लंकाबाईचा थोराड आवाज सगळ्या माळावर घुमला,

“गप पडून ऱ्हावा, मुकादम! हलू नगा! आन कुनी चोळू नगा रं त्येला!”

छबूने मागे वळून पाहिलं नाही. चढण अजून पुष्कळ होती.